जुन्या पेटीतील धन : वस्तरा

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करण्याची चाल आपली माणसे जेथे जेथे गेली तेथे तेथे बरोबर गेली. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील ज्या घरांत एके काळी तलवारी पुजल्या जात, तेथे आता अडकित्ता, विळी, शिवणाचे यंत्र आणि मुलांच्या कंपासपेटीतील कर्कटक पाटावर मांडले जातात. त्या निमित्ताने जुनी ट्रंक उघडली जाते आणि तिच्या तळाशी कधी कधी एक लांबट डबी सापडते. आत मिटलेला वस्तरा असतो. पाते काळवंडलेले, मुठीवर पांढरट बुरा, उघडू म्हटले तर खिळ्यापाशी घट्ट बसलेला. पणजोबांचा असावा, असे कोणी म्हणते. त्यांच्या न्हाव्याचा असावा, असे दुसरे कोणी म्हणते. मग घरातील उत्साही मंडळी त्याला चिंच लावून घासावयास घेतात, आणि दोन-तीन पिढ्या टिकलेली वस्तू तासाभरात कायमची बिघडते.

तसे होऊ नये म्हणून या महिन्याचे सदर वस्तऱ्यासाठी राखून ठेवले आहे. काम अवघड नाही. घरातल्या घरात, चारचौघांकडे असणाऱ्या सामानाने ते होते. मात्र दोन गोष्टी आरंभीच मनाशी पक्क्या केल्या पाहिजेत. पहिली ही की, वस्तरा मळका असला तरी त्याची धार झोपलेली असते, मेलेली नसते. दुसरी ही की, पोलादावरून एकदा घासून काढलेले पोलाद पुन्हा परत येत नाही.

वस्तरा कोठला?

आपल्या घरांत सापडणारे जुने वस्तरे बहुतेक करून दोन गावांचे असतात : इंग्लंडातील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगन. शेफील्डला १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन याने बंद मुशीत पोलाद वितळवून एकजिनसी करण्याची रीत बसविली आणि त्या गावाची पाती जगभर जाऊ लागली. झोलिंगनच्या कारागिरांनी पुढे पात्याच्या दोन्ही बाजू खोलगट घासून पाते धारेकडे कागदासारखे पातळ करण्यात विशेष नाव मिळविले.

पात्याच्या मागील अंगास, म्हणजे खिळ्याजवळच्या जाड भागावर, कारखान्याची खूण ठोकलेली असते. जोसेफ रॉजर्स या शेफील्डच्या घराण्याची तारा आणि क्रूस ही खूण जुन्या चाकूंवरही आढळते. परदेशी मालावर देशाचे नाव घालण्याची सक्ती करणारा कायदा ब्रिटनमध्ये १८८७ साली झाला आणि हिंदुस्थानात त्या धर्तीचा कायदा १८८९ मध्ये आला. म्हणून ‘जर्मनी’ असा शब्द कोरलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा समजावा. ‘वेस्ट जर्मनी’ असे असेल तर तो १९४९ ते १९९० या काळातला ठरतो.

या पात्यांचे पोलाद साधे असते, म्हणजे शेकडा सुमारे एक भाग कार्बन असलेले. न गंजणारे पोलाद शेफील्डच्याच हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ मध्ये तयार केले. तोवरच्या सर्व वस्तऱ्यांना पाणी हा वैरीच. त्याच सुमारास वस्तऱ्याचे राज्यही उतरणीस लागले होते. किंग जिलेट याने बदलत्या पात्याचे सुरक्षित यंत्र १९०३ मध्ये विकावयास काढले. पहिल्या वर्षी अवघी ५१ यंत्रे खपली. परंतु पुढील दहा-पंधरा वर्षांत जगातील पुरुष स्वतःच्या हाताने, आरशासमोर, न भिता दाढी करू लागला. वस्तरा घरांतून उठला आणि न्हाव्याच्या धोकटीत राहिला.

तो कोणाचा होता?

ही चौकशी साफसफाईच्या आधी करावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. घरी सापडलेला प्रत्येक वस्तरा आजोबांच्या दाढीचाच असेल असे नाही. काही घरांत वस्तरा यजमानाचा असे आणि ठरलेल्या वारी येणारा न्हावी तोच वापरी. आणि काही घरांत त्या वस्तऱ्याला दुसरीही आठवण चिकटलेली असते. घरात कोणी बाई विधवा झाली की तिच्या डोक्यावरून तो फिरत असे, आणि पुढे दर काही दिवसांनी फिरतच राही. ही रूढी चालविणारे आपल्याच घरांतील वडीलधारे होते. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्या नाभिक मंडळींनी मात्र १८९० साली मुंबईत, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा निश्चय केला. उच्चवर्णीय घरांतील सुशिक्षित पुरुषांपैकी अनेकांना जे धैर्य झाले नाही, ते हातावर पोट असलेल्या माणसांनी दाखविले.

घरातील एखाद्या वृद्ध आत्याबाईंना किंवा काकूंना विचारावे. त्यांनी आपल्या आजीविषयी काही ऐकले असेल. वस्तू चकचकीत करून दिवाणखान्यात मांडावी, की पुसून, नाव लिहून पेटीत ठेवावी, याचा निर्णय त्या उत्तरावर पुष्कळ अवलंबून असतो. दोन्ही योग्यच आहेत. न विचारता घासणे तेवढे अयोग्य.

आधी पाहणी

वस्तरा दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, पांढऱ्या कपड्यावर ठेवून भिंगाने पाहावा. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये. मूठ आणि पाते दोन्ही हातांनी धरून सावकाश उघडावे. अडल्यास जोर न करता खिळ्यापाशी शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर राहू द्यावे. हातून निसटलेला वस्तरा झेलण्याचा मोह कधीही धरू नये. हात वर घ्यावेत, पाय मागे घ्यावेत आणि त्याला पडू द्यावे.

पात्यावर तीन प्रकारचे विकार दिसतात. तांबूस, भुकटीसारखा गंज हा वरवरचा व ताजा असतो, तो निघतो. काळे किंवा करडे डाग हे जुने, बसलेले थर असतात. त्यांनी पात्याचे फारसे बिघडत नाही, उलट काही अंशी ते खालच्या पोलादाचे रक्षणच करतात. तिसरा प्रकार म्हणजे बारीक खड्डे. हे मधल्या भागात असतील तर केवळ दिसण्याचा दोष. धारेवर किंवा धारेला लागून असतील, अथवा तेथे केसासारखी चीर दिसत असेल, तर तो वस्तरा पुन्हा दाढीला लावावयाचा विचार सोडून द्यावा. अशा जागी धार चढवली तरी ती टवके उडून तुटते.

पात्यावर सोनेरी नक्षी किंवा अक्षरे कोरलेली असल्यास त्या भागाला पॉलिश मुळीच लावू नये. तो मुलामा इतका पातळ असतो की चार वेळा फडके फिरले की नाहीसा होतो.

घासण्याचे काम

प्रथम कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि जुना मऊ दातांचा ब्रश घेऊन पाते धुवावे. मूठ भिजत ठेवू नये. खिळ्याजवळच्या फटीत कापूस गुंडाळलेल्या काडीने मळ काढावा. लगेच कोरडे करावे. पंख्याखाली तासभर उघडे ठेवले की फटीतील ओल जाते. मग पात्यावर स्पिरिटचा बोळा फिरवावा. जुना वस्तरा कोणाकोणाच्या त्वचेला लागलेला असतो, म्हणून ही दक्षता. धुण्यासाठी ब्लीचिंगचे पाणी वापरू नये. त्यातील क्लोरीनने पोलाद पाहता पाहता गंजते.

फडके फिरविण्याची दिशा सर्वांत महत्त्वाची आहे. पाते लाकडी पाटावर सपाट ठेवावे, एका हाताने मागील जाड भाग धरावा, आणि फडके पात्याच्या लांबीने किंवा पाठीकडून धारेकडे न्यावे. धारेकडून पाठीकडे कधीही नाही. पाते हातात तरंगते धरून पुसणे म्हणजे बोटांचा लिलाव करणे होय.

तांबूस गंजावर शिवणयंत्राचे तेल लावून एक रात्र जाऊ द्यावी. सकाळी पुष्कळसा गंज फडक्यावर येतो. राहिलेले ठिपके बांबूच्या चपट्या कामटीने किंवा तांब्याच्या जुन्या पैशाच्या कडेने हलकेच खरवडावेत. तांबे पोलादापेक्षा मऊ असल्याने गंज निघतो आणि पात्यावर ओरखडा उठत नाही. त्यानंतर पितळ चकाकवण्याचे बाजारी पॉलिश मऊ फडक्यावर घेऊन थोडा वेळ चोळावे. पुष्कळ वस्तऱ्यांचे काम येथेच संपते, आणि ते संपू द्यावे.

डाग फारच उठून दिसत असतील तरच पाण्यात वापरावयाचा पॉलिश कागद घ्यावा. ६०० क्रमांकापासून आरंभ करून १०००, १५०० आणि २००० अशा क्रमाने जावे. प्रत्येक कागदाने आधीच्या कागदाच्या रेघा पुसल्या गेल्याशिवाय पुढचा घेऊ नये. कागद बुचाच्या तुकड्याला गुंडाळावा आणि दाब अगदी कमी ठेवावा. खोलगट पाते मधोमध इतके पातळ असते की बोटाच्या दाबाने वाकते. पाठीच्या कडेवर कागद लावू नये. त्याचे कारण पुढे येईल.

आता काय करू नये ते. तांब्या-पितळेच्या भांड्यांना जी चिंच आपण लावतो ती, लिंबू किंवा व्हिनेगर वस्तऱ्याला लावू नये. आम्ल गंज खाते आणि गंज संपला की पोलादही खाते. पाते करडे, खरखरीत होते. राख, रांगोळी, विटेची पूड यांत वाळूचे कण असतात. त्यांचे ओरखडे मग जन्मभर दिसतात. स्वयंपाकघरातील तारेची घासणीही नको.

आणि विजेवर फिरणाऱ्या चाकापासून तर शंभर हात दूर राहावे. कारखान्यात पोलाद तापवून, विझवून, पुन्हा बेताने तापवून त्याला कडकपणा दिलेला असतो. चाकाच्या घर्षणाने पातळ धार क्षणात २०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. प्रथम ती पिवळसर आणि ३०० अंशांच्या सुमारास निळी दिसते. निळा रंग आला की तेथील पाणी उतरले असे समजावे. ते घरी पुन्हा चढवता येत नाही, आणि त्या धारेला धार म्हणण्यात अर्थ राहत नाही.

मुठीची काळजी

मूठ शिंगाची असेल तर कोरड्या हवेत तिला चिरा जातात आणि कधी किडे तिला भोके पाडतात. कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात द्यावा, दुसऱ्या दिवशी जादा तेल टिपून घ्यावे. खोबरेल वापरू नये. ते खवट होऊन चिकटते. औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन उत्तम. लाकडी मुठीला जवसाचे तेल शोभते. मात्र त्या तेलात भिजलेले फडके चोळामोळा करून टाकू नये. ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवावे व मग टाकावे.

कासवाच्या पाठीसारखी किंवा हस्तिदंतासारखी दिसणारी मूठ पुष्कळदा सेल्युलॉईडची असते. जॉन हायट या अमेरिकन माणसाने १८७० मध्ये या पदार्थाचे पेटंट घेतले. त्यात कापूर असतो. मूठ तळव्यावर जोराने चोळून हुंगली की कापराचा वास येतो. सुई तापवून लावण्याची परीक्षा मात्र करू नये, कारण हा पदार्थ भडकन पेटतो. त्याला स्पिरिट किंवा नखांचा रंग काढण्याचे द्रव लागू देऊ नये. सेल्युलॉईड जुने झाले की त्यातून आम्लधर्मी वाफ सुटते आणि मिटलेल्या पात्याला तीच गंजवते. पाते मुठीत दडलेल्या भागापुरतेच खोल गंजले असेल तर कारण हेच. अशी मूठ भेगाळून चुरा होऊ लागली असेल तर तो वस्तरा इतर वस्तूंपासून वेगळा, हवेशीर जागी, अर्धवट उघडा आणि कुलपात ठेवावा.

मूठ खरोखरीच हस्तिदंताची आहे अशी शंका आली तर ती विकण्याचा विचार करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद केलेला आहे. मुठीचा खिळा सैल असेल तर स्वतः ठोकण्यापेक्षा ओळखीच्या सोनाराकडे न्यावा. हातोडीचा एक चुकीचा घाव शिंगाचे दोन तुकडे करतो.

धार लावावी काय?

वस्तरा केवळ आठवण म्हणून ठेवावयाचा असेल तर लावू नये. बोथट वस्तरा घरात अधिक सुखाने नांदतो.

ज्यांना तो खरोखर वापरावयाचा आहे त्यांनी त्याची रचना समजून घ्यावी. चाकूला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो; वस्तऱ्याला तसे नाही. तो दगडावर सपाट ठेवला की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणातून कोन आपोआप ठरतो. तो साधारण सोळा-सतरा अंशांचा असतो. म्हणूनच पाठ घासून पातळ करू नये, असे वर म्हटले. कारागिराने बसविलेला कोन त्याने बिघडतो.

दगड १००० क्रमांकाचा घेऊन धारेचा उतार बसवावा, मग ४००० आणि ८००० क्रमांकाने तो गुळगुळीत करावा. दगडावर धार पुढे असते. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवताना उलट, पाठ पुढे आणि धार मागे. पट्टा ताठ धरावा आणि टोकाशी वस्तरा पाठीवरून उलटवावा, धारेवरून नव्हे. नाहीतर पट्टाही कापला जातो आणि धारही वळते. जुने न्हावी हेच काम तळहातावर करीत. ते त्यांच्या हाताचे कसब होते. आपण त्याचे अनुकरण करू नये.

हे सर्व शिकणे एका बैठकीचे काम नाही. गावात एखादे वयस्क नाभिक गृहस्थ असतील तर त्यांच्याकडे जावे, आणि विनयाने जावे. संत सेना न्हावी यांच्या नावाचे अभंग मराठीत आहेत आणि शीखांच्या गुरु ग्रंथसाहिबातही भगत सैण यांचे एक पद आहे. परंपरा या दोघांना एकच मानते. ज्या हाताने धोकटी वागविली त्या हाताकडे शिकवण्यासारखे पुष्कळ असते, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

वस्तरा एकाच माणसाने वापरावा, हा नियम मोडू नये. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांचे विषाणू रक्तातून पसरतात आणि वस्तऱ्याने झालेली जखम डोळ्यांना दिसेलच असे नाही. याच कारणास्तव आज दुकानांतून दर गिऱ्हाइकाला नवे पाते लावण्याची पद्धत पडली आहे. काम करताना बोट कापले तर जखम साबणाने धुऊन डॉक्टरांकडे जावे आणि धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती ते सांगावे. धनुर्वात गंजाने होत नाही, मातीतील जंतूंनी होतो. पण जुन्या, खरखरीत पात्यावर ते जंतू बसलेले असू शकतात आणि स्पिरिटने ते सर्व मरत नाहीत.

ठेवणे आणि लिहून ठेवणे

साफ झालेल्या पात्यावर लिक्विड पॅराफिनचा पातळ थर द्यावा, सुती फडक्यात गुंडाळावे आणि लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या डबीत ठेवावे. चामड्याच्या म्यानात ठेवू नये. चामडे ओल धरते. गोवा आणि बेळगाव येथील मंडळींनी डबीत ओल शोषणारी पुडी टाकावी व पावसाळ्यात महिन्यातून एकदा पात्याची विचारपूस करावी. ग्वाल्हेर, इंदूरच्या कोरड्या हवेत पात्यापेक्षा शिंगाच्या मुठीकडे लक्ष द्यावे. वर्षातून एकदा, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, सर्वांनीच पुसून पुन्हा तेल लावावे. तिथी ठरलेली असली की काम विसरत नाही.

शेवटचे काम सर्वांत सोपे आणि बहुतेक घरांत राहून जाणारे. एका जाड कागदावर शाईने चार ओळी लिहाव्यात : वस्तरा कोणाचा, ती व्यक्ती कोणत्या गावी व कोणत्या कामावर होती, कोणाकडून हे कळले, आणि आपण त्यावर काय काम केले, तेही तारखेसह. घरात आलेल्या बाईवर तो फिरला होता असे कळले असेल तर तिचे नाव लिहावे. अशा कित्येक स्त्रियांची नावे वंशावळीतही सापडत नाहीत; निदान या डबीत तरी असावीत. आपल्या घरांतील वाडे पडत आहेत, ट्रंका भंगारात जात आहेत आणि मुले दूरदूरच्या देशी आहेत. नाव नसलेला वस्तरा उद्या त्यांच्या हाती आला तर ते त्याला जुने लोखंड समजतील, आणि त्यांचा काही दोष असणार नाही.

पुढील अंकी अडकित्ता. तोवर आपापल्या घरचे अडकित्ते शोधून ठेवावेत. घासू मात्र नयेत.